आधी तक्ता बघ, मग फोटो

नवीन पक्षी दिसला की लगेच गुगलवर फोटो टाकून नाव शोधू नकोस. फोटोखालची नावं पुष्कळदा चुकीची असतात. त्यापेक्षा ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर, सोलापूर जिल्हा उघड आणि पट्ट्यांचा तक्ता (बार चार्ट) बघ. कुठला पक्षी कुठल्या आठवड्यात किती वेळा नोंदला गेलाय, ते एका नजरेत कळतं. मे महिन्यात तुला भोवत्या (हॅरियर, एक शिकारी पक्षी) दिसल्यासारखं वाटलं, तर तो तक्ताच सांगेल की जरा थांब, घार तर नाही ना? भोवत्ये आपल्याकडे हिवाळी पाहुणे.

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर खरी कसोटी याच भोवत्यांची. नर उडताना पंखावर काळी आडवी रेघ दिसली तर माँटेग्यू जातीचा भोवत्या; फक्त टोकाला काळी पाचर असेल तर पॅलिड. माद्यांना मात्र भलेभले गंडतात. तिथे मॅकॉले लायब्ररी या ऑनलाइन संग्रहातले फोटो शांतपणे ताडून बघावेत.

पक्षी ओळखून देणाऱ्या मर्लिन ॲपचा भारताचा पॅक घरूनच उतरवून घे, माळावर रेंजचा भरवसा नसतो. पण त्याचं उत्तर म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, निव्वळ अंदाज. आवाजासाठी झेनो-कँटो हे पक्ष्यांच्या ध्वनिमुद्रणांचं संकेतस्थळ उत्तम. मुरारी, डोंबारी असले मातकट चंडोल तर मी आधी कानानेच शिकायला सांगेन. फक्त ते ऐकायचं घरी, हेडफोन लावून. विणीच्या दिवसांत माळावर स्पीकर वाजवणारे आम्हाला अजिबात खपत नाहीत.

हिप्परग्याच्या तलावावरच्या बदकांसाठी एवढा खटाटोप नको. दुर्बीण आणि थोडी चिकाटी पुरते.