‘गंमतीत म्हणालो होतो’ एवढंच उत्तर लिहू नका

तुमचा मेल दोनदा वाचला. प्रकार असा दिसतोय: तुम्हालाच रिपोर्ट करणाऱ्या सहकारी महिलेने ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे लैंगिक छळाची तक्रार केलीय. रात्री साडेअकराला तिच्या फोटोवर पाठवलेले मेसेज, मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ड्रेसवर मारलेली कॉमेंट, आणि लिफ्टमध्ये खांद्यावर ठेवलेला हात. पहिल्या दोन गोष्टी झाल्या पण गंमतीत, तिसरी झालीच नाही असं तुमचं म्हणणं. घाबरून तुम्ही चॅट डिलीट केलंत आणि आता विचारताय की तिला फोन करून मिटवू का, की मॅनेजर म्हणतोय तसा गुपचूप राजीनामा टाकू.

फोन अजिबात करू नका. सॉरीचा मेसेज नको, कॉमन मित्रामार्फत निरोप नको, काहीच नको, कारण तुमच्या मनात माफी असली तरी कमिटीपुढे ते दबाव टाकला म्हणूनच जाईल. समेटाची सोय कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात आहे, पण ती तिने स्वतः मागितली तर, चौकशी सुरू व्हायच्या आधी, आणि पैसे देऊन तर नाहीच.

चॅटचं म्हणाल तर तुमच्या फोनमधून गेलं म्हणजे तिच्या फोनमधून गेलं असं थोडंच आहे, स्क्रीनशॉट तिच्याकडे असणारच. आता फोनमधलं आणखी काही उडवू नका, बॅकअप असेल तर तो जपून ठेवा. कमिटीने विचारलं तर डिलीट केलं हे सरळ सांगा, ते नंतर उघड होणं जास्त महागात पडतं.

आता खरं काम, उत्तर. तक्रारीची कॉपी मिळाल्यापासून कामकाजाचे १० दिवस आहेत, त्यातच कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ ड्राफ्टमध्ये पहिलंच वाक्य असतं, ‘सर्व आरोप खोटे, बिनबुडाचे व बदनामीकारक आहेत.’ तुमच्या बाबतीत हे वाक्य पहिल्याच स्क्रीनशॉटला पडतं, आणि मग लिफ्टबद्दल तुम्ही खरं बोललात तरी कोण ऐकणार? म्हणून एकेक आरोप घेऊन लिहा. अमुक तारखेला अमुक शब्दांचा मेसेज मी पाठवला, तिचं उत्तर हे होतं, त्यानंतर मी पाठवला किंवा नाही पाठवला. मेसेज पाठवला हे मान्य करणं आणि लैंगिक छळ केला हे मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली तुम्ही लिहा, दुसरी ठरवणं कमिटीचं काम.

‘गंमत’ या शब्दावर फार टेकू नका. कायदा तुमच्या हेतूवर थांबत नाही, समोरच्या बाईला ते नकोसं होतं का हे बघतो. ती हसली होती म्हणता, पण तिचं अप्रेझल तुमच्या हातात, साहेबाच्या विनोदावर कोण हसत नाही हो.

लिफ्टचा आरोप साफ नाकारा, पण नुसतं ‘नाही’ लिहून सोडू नका. त्या वेळी कुठे होतात, कार्ड कधी पंच केलंत, सोबत कोण होतं ते लिहा. आणि सीसीटीव्ही फुटेज राखून ठेवा असा मेल कमिटीला आजच टाका, उत्तराची वाट बघू नका, कारण रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

तिच्या कपड्यांबद्दल, वागण्याबद्दल एक अक्षर नको. ‘खोट्या तक्रारीबद्दल तिच्यावर कारवाई करा’ हेही घाईने मागू नका, त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये तशी तरतूद आहे खरी, पण आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावर तक्रार खोटी ठरत नाही, कुहेतू दाखवावा लागतो.

सुनावणीत वकील सोबत नेता येत नाही. उत्तर मात्र आधी एखाद्या वकिलाला दाखवा, कारण ती पोलिसांत वेगळी तक्रार करू शकते, भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ त्यासाठीच आहे, आणि तुम्ही लिहिलेलं प्रत्येक वाक्य तिथेही तुमच्यासमोर येईल. सबळ कारणाशिवाय सलग तीन तारखांना गैरहजर राहिलात तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन कमिटी एकतर्फी निर्णय देऊ शकते. तिला किंवा साक्षीदारांना काही विचारायचं असेल तर प्रश्न लिहून कमिटीकडे द्या. जबाब वाचल्याशिवाय सही करू नका.

मधल्या काळात तिची किंवा तुमची बदली होऊ शकते, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते किंवा तिचं अप्रेझल दुसऱ्याकडे जाऊ शकतं. तो निकाल नव्हे, मनाला लावून घेऊ नका.

राजीनामा देऊ नका. दिला म्हणून चौकशी आपोआप बंद पडत नाही, उलट तुमची बाजू मांडायलाच कुणी उरत नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते आणि अहवाल विरोधात गेला तर ९० दिवसांत अपील करता येतं.

एक गोष्ट खटकली. तक्रारीची कॉपी मॅनेजरला व्हॉट्सॲपवर पाठवली असं तुम्ही शेवटी सहज लिहिलंय. तिचं नाव, तक्रारीतला मजकूर गोपनीय ठेवायचा असतो, २०१३च्या कायद्याचं कलम १६ वाचा. पुढे कुणाला पाठवू नका असं त्यांना आजच कळवा, आणि वकिलाला भेटाल तेव्हा हेच आधी सांगा.