कृष्णविवराकडे ताऱ्याच्या वाटेने जावे

चि. विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

बारावीनंतर भौतिकशास्त्र घेऊन कृष्णविवरांवर संशोधन करण्याचा तुझा विचार वाचून फार समाधान वाटले. सुरुवात कशापासून करावी, असे तू विचारले आहेस. माझा आग्रह असा आहे, की सुरुवात ताऱ्यापासून कर. कृष्णविवर म्हणजे दिसेल ते गिळणारा अवकाशातला राक्षस, ही प्रतिमा एकदा मनात बसली की ते निसर्गाच्या नियमांना अपवाद असल्यासारखे वाटू लागते. वस्तुतः ते त्याच नियमांचे अटळ फलित आहे, आणि ही अटळता ताऱ्याच्या अंतरंगाचा अभ्यास केल्याशिवाय पटत नाही.

तारा आयुष्यभर स्वतःच्या वजनाशी झगडत असतो. गुरुत्वाकर्षण त्याला आत दाबते, तर गाभ्यातील केंद्रकीय संमीलनातून, म्हणजे हलकी अणुकेंद्रके जुळून जड होण्यातून, निर्माण होणाऱ्या उष्णतेचा दाब त्याला बाहेर रेटतो. इंधन संपल्यावर सूर्यासारखा तारा आकुंचन पावून श्वेतबटू, म्हणजे लहान पण अतिशय दाट तारा, होतो. तेथे इलेक्ट्रॉनांचा एक वेगळाच दाब त्याला तोलून धरतो. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, या पुंजभौतिकीच्या (क्वांटम) नियमातून तो येतो आणि तारा थंड झाला तरी टिकून राहतो. हा दाब कितीही वजन पेलेल का, या प्रश्नाचे उत्तर 1930 साली मुंबईहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवर एकोणीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी शोधले. वस्तुमान वाढते तसे इलेक्ट्रॉनांचे वेग प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात, आणि मग घनतेबरोबर दाब जितका वाढायला हवा तितका वाढत नाही. सूर्याच्या सुमारे 1.4 पट वस्तुमानाच्या पुढे तोल साधणेच अशक्य होते; हीच चंद्रशेखर मर्यादा. हे गणित तू पदवीच्या दुसऱ्या वर्षी स्वतः सोडवू शकशील. ते कोणाच्याही पुस्तकातून उतरवून न घेता सोडव, एवढी माझी मनापासून विनंती आहे.

जानेवारी 1935 मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत चंद्रशेखर यांनी हे मांडले, तेव्हा आर्थर एडिंग्टन यांनी ते जाहीरपणे फेटाळले. तारा असा आकुंचन पावतच राहील, हे त्यांना विसंगत वाटले, आणि तसे होऊ न देणारा एखादा नियम निसर्गात असलाच पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. एडिंग्टन हे त्या काळातील थोर खगोलशास्त्रज्ञ होते; चंद्रशेखर यांच्या गणिताचा निष्कर्ष कोठे जातो, हे त्यांना नीट समजले होते, आणि नेमका तोच निष्कर्ष त्यांनी नाकारला. हा प्रसंग मी तुला मुद्दाम सांगतो आहे, कारण समीकरणातून आलेले उत्तर केवळ विचित्र वाटते म्हणून नाकारण्याचा मोह तुलाही अनेकदा होईल.

सूर्याच्या वीस-पंचवीस पट वस्तुमानाच्या ताऱ्याची कथा याहून वेगवान आहे. हायड्रोजन जाळण्यात तो काही दशलक्ष वर्षे घालवतो, पण शेवटच्या टप्प्यातील सिलिकॉन जेमतेम एखादा दिवस पुरते. त्यातून लोहाचा गाभा तयार होतो. लोहाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही, त्यामुळे या गाभ्याचे वस्तुमान चंद्रशेखर मर्यादेजवळ पोचले की तो एका सेकंदाहून कमी काळात कोसळतो. पुष्कळदा बाहेरचे थर स्फोटात उधळले जाऊन मागे न्यूट्रॉन तारा, म्हणजे जवळजवळ निव्वळ न्यूट्रॉनांचा दाट गोळा, उरतो. मात्र वरून पडणाऱ्या पदार्थामुळे गाभ्याचे वस्तुमान सूर्याच्या दुपटीहून थोडे अधिक झाले, तर न्यूट्रॉनांचा दाबही अपुरा पडतो आणि पुढे त्याला थांबवणारे कोणतेही ज्ञात बल उरत नाही. रॉबर्ट ओपनहायमर आणि हार्टलँड स्नायडर यांनी 1939 मध्ये अशा कोसळण्याचे गणित मांडले. दूरच्या निरीक्षकाला ताऱ्याचा पृष्ठभाग मंदावत, लालसर होत दिसेनासा होतो, तर त्या पृष्ठभागाबरोबर जाणाऱ्याच्या घड्याळात मात्र सारे काही थोड्याच वेळात आटोपते.

ज्या सीमेपासून प्रकाशही बाहेर येऊ शकत नाही ती म्हणजे घटना क्षितिज. तेथे भिंत नसते, पृष्ठभागही नसतो. आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांचे जे उत्तर कार्ल श्वार्झशिल्ड यांनी 1916 मध्ये प्रसिद्ध केले, त्यानुसार तिची त्रिज्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात वाढते: सूर्याच्या वस्तुमानाला सुमारे 3 किलोमीटर, पृथ्वीच्या वस्तुमानाला सुमारे 9 मिलिमीटर. आता या आकड्यांवरून सरासरी घनता काढून पाहा. घनता वस्तुमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे कृष्णविवर जितके मोठे तितके ते सरासरीने विरळ. एम87 दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे 650 कोटी पट आहे, आणि या साध्या हिशेबाने त्याची घनता आपल्या हवेपेक्षाही कमी येते. कृष्णविवर म्हणजे अतिशय दाट पदार्थ, ही समजूत या एका गणिताने गळून पडते. त्याच कारणाने ताऱ्याच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराकडे पडणारा माणूस क्षितिजाआधीच ताणला जाऊन फाटेल, तर एम87 मधील क्षितिज ओलांडताना त्याला काही जाणवणारही नाही. आणि सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तर पृथ्वी आपल्या कक्षेत जशी फिरते तशीच फिरत राहील. ओढून नेणारी कोणतीही वेगळी शक्ती तेथे नसते.

आत काय असते, हा प्रश्न तू दोनदा विचारला आहेस. क्षितिजाच्या आत केंद्राकडे जाणे हे उद्याकडे जाण्याइतकेच अपरिहार्य होते. गुरुत्वाकर्षणामुळे वस्तूंचे मार्ग कसे एकवटतात हे सांगणाऱ्या, अमलकुमार रायचौधुरी यांनी 1955 मध्ये मांडलेल्या समीकरणाचा आधार घेऊन रॉजर पेनरोज यांनी 1965 मध्ये दाखवले, की आदर्श गोल आकाराचे गृहीतक न धरताही कोसळण्याचा शेवट सिंग्युलॅरिटीतच होतो, म्हणजे जेथे आपला सिद्धांतच थांबतो तेथे. आतील चित्रे रंगवण्यात वेळ घालवण्यापेक्षा हे समीकरण समजून घेण्यात घालवावा, असे मला वाटते.

कृष्णविवरे खरोखर असल्याच्या पुराव्यांपैकी एकच सविस्तर सांगतो. भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी 1970 मध्ये गणिताने दाखवले, की कृष्णविवराला धक्का बसला तर ते टोल दिलेल्या घंटेसारखे ठराविक स्वरांत निनादून शांत होते, आणि त्या स्वरांवरून त्याचे वस्तुमान ओळखता येते. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षे दूरच्या टकरीची गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाश-काळातच उठलेला तरंग, टिपली. सूर्याच्या सुमारे 36 आणि 29 पट वस्तुमानांची दोन कृष्णविवरे एक होऊन 62 पट वस्तुमानाचे एक उरले, आणि उरलेले तीन सूर्यांचे वस्तुमान ऊर्जा होऊन निघून गेले. त्या नोंदीचा अखेरचा भाग विरत जाणाऱ्या निनादाशी जुळणारा होता. गोंगाटातून असा क्षीण संकेत वेगळा काढण्याच्या पद्धतींचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील संजीव धुरंधर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे.

अजून न सुटलेला मोठा प्रश्न महाकाय कृष्णविवरांचा आहे. विश्व शंभर कोटी वर्षांचेही नव्हते, तेव्हा सूर्याच्या अब्जावधी पट वस्तुमानाची कृष्णविवरे अस्तित्वात होती. मृत ताऱ्यांपासून सुरुवात करून एवढी वाढ इतक्या लवकर कशी झाली, की प्रचंड वायुमेघ थेट कोसळून मोठी बीजे तयार झाली, यावर आज जोमाने काम चालू आहे. तू संशोधनास लागशील तेव्हा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेलाही तुझ्यासारख्या मुलामुलींची गरज लागेल.

तोवर उष्मागतिकी, रेषीय बीजगणित आणि पायथनमधील प्रोग्रामिंग यांवर भर दे. लायगोच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत. 2015 ची ती नोंद उतरवून घे, तिचा आलेख स्वतः काढ, आणि घनतेच्या गणितासह मला पाठव. दोन्ही नीट तपासून कळवीन.

तुझा हितचिंतक