रिकामी पिकअप ब्रेक मारताच मागून लॉक होते, नवे लायनर टाकूनही. दोष कुठे शोधू?

ब्रेक सोडल्यावर चाक लगेच मोकळं होतं की अडकूनच राहतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं तिथेच ठरतं.

अडकून राहत असेल तर ड्रम उघडायची घाई नको. पुढच्या चाकांना दगड लावा, मागचा एक्सल उचलून स्टँडवर घ्या, हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलला. ब्रेक तीन-चारदा दाबून सोडा. चाक अडकलं की त्याचा ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) पाव आटा ढिला करा. चिळकांडी उडून चाक सुटलं, तर दाब आत कोंडतोय. निपल बंद करून पुन्हा तेच करा, पण या वेळी मास्टर सिलिंडरवरचा (पेडल दाबल्यावर ब्रेक तेलाला दाब देणारा) मागच्या ब्रेकचा पाइप ढिला करा. इथे सुटलं तर मास्टर किंवा बूस्टरचा पुशरॉड (मास्टरचा पिस्टन ढकलणारी दांडी): रॉडला किंचितही मोकळीक नसेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि तेल परतायचं बारीक छिद्र झाकलेलंच राहतं. नाही सुटलं तर चासीवरून एक्सलवर उतरणारा रबरी होज. बाहेरून धडधाकट दिसतो, आतून फुगलेला असतो. पायाच्या जोरावर तेल जातं, परत येत नाही. हा होज बहुतेक पिकअपना दोन्ही चाकांत मिळून एकच असतो, म्हणून एकच चाक अडकत असेल तर त्याच्यावर संशय घेऊ नका.

निपल उघडूनही चाक जाम? मग हँडब्रेकची वायर, रिटर्न स्प्रिंग किंवा सिलिंडरचा गंजलेला पिस्टन. नवे लायनर टाकताना वायर तशीच ताणलेली ठेवणं ही नेहमीची चूक. शू (लायनर बसवलेली कमान) टेकूवर बसतच नाही. आधी वायर पूर्ण ढिली, मग स्टार व्हीलने (शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारं दातेरी चाक) शू सेट, वायर सगळ्यात शेवटी.

आता दुसरा प्रकार: दाबताच एक चाक पकडतं, सोडताच सुटतं. इथे बहुतेकदा लायनरला तेल लागलेलं असतं. तेलाने ब्रेक घसरेल असं वाटतं, पण थोडंसं तेल तापून लायनर चिकट करतं; त्यात फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःकडेच ओढतो, की चाक लॉक. ड्रम काढून व्हील सिलिंडरचं रबरी बूट नखाने उचला. आत ओल असेल तर सिलिंडर गळतोय. ते कोरडं, पण लायनर काळा आणि गंधकासारखा उग्र वास, तर एक्सल हाउसिंगमधलं गिअर ऑइल एक्सलच्या सीलमधून येतंय. सील बदलताना हाउसिंगचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारं छिद्र) साफ करा. तो चिखलाने बुजलेला असेल तर आतला दाब नवा सीलही गळवतो. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन, पॉलिश पेपर मारून सुधारत नाही. दोन्ही बाजूंचे बदला, भले नवे असोत.

दोन्ही चाकं सारखीच, फक्त रिकाम्या गाडीत लॉक होत असतील तर मागचा एक्सल आणि चासी यांच्यामधला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह बघा. रिकाम्या गाडीत मागचा दाब कमी करणं हेच त्याचं काम. दांडी गंजून अडकली, कुणी तारेने बांधून ठेवली किंवा पाटे बसल्यामुळे चासी खाली आली, की त्याला गाडी भरलेलीच वाटते. दांडी हाताने हलते का पाहा. सेटिंगचं माप मात्र तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

व्हॉल्व्ह ठीक निघाला तर पुढचे कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) तपासा. तिथला पिस्टन जाम असेल तर पुढे ब्रेक लागत नाही, तुम्ही पेडल जास्त दाबता आणि बिचारी मागची चाकं लॉक होतात.