आरमाराची संस्था काढू पाहणाऱ्या तरुणास

सातारा

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. साताऱ्यात आरमाराचा आणि नौदलाचा इतिहास जपणारी, सभासदांच्या वर्गणीवर चालणारी संस्था काढण्याचा तुझा विचार वाचून आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली. तुझ्या पत्रात ४ डिसेंबरच्या नौदल दिनाची मिरवणूक, प्रमुख पाहुणे आणि संस्थेचे बोधचिन्ह यांना दोन पाने मिळाली आहेत, आणि लोकांनी विश्वासाने दिलेल्या वस्तू कशा सांभाळायच्या याला जेमतेम एक ओळ.

समुद्र नसलेल्या जिल्ह्यात आरमाराची संस्था कशाला, असे तुला गावोगाव विचारतील. त्यांना कान्होजी आंग्रे यांची गोष्ट सांग. १७१३ साली त्यांनी शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले होते. पुढे बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून कान्होजींना ताराबाईंच्या पक्षातून शाहूंकडे वळवले आणि त्यांचे सरखेलपद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, साताऱ्याच्या छत्रपतींकडून कायम झाले. गुराबा आणि गलबते ही लढाऊ जहाजे कुलाब्याला नांगरलेली असली, तरी त्यांच्या सरखेलाचा धनी या अजिंक्यताऱ्याखाली होता. मात्र हे सांगताना फेब्रुवारी १७५६ वगळू नकोस. त्या महिन्यात विजयदुर्गापाशी कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले, तेव्हा इंग्रजांच्या जहाजांना जमिनीवरून पेशव्यांच्या फौजेची साथ होती. गौरवाच्या सभेत हा विषय नको, असे तुझ्याच कार्यकारिणीतले कुणीतरी म्हणेल. माझ्या मते व्याख्यानमालेतले पहिले व्याख्यान याच विषयावर ठेवावे, म्हणजे संस्था कशासाठी आहे हे सभासदांना सुरुवातीलाच कळेल.

कागद जमवण्याची परंपरा या जिल्ह्याला नवी नाही. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो वाईला सापडलेल्या कागदांवर उभा आहे. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी तर साताऱ्यातच मोठा संग्रह उभा केला; त्यांच्या निधनानंतर, १९३९ मध्ये, तो पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तिथे तो नीट सांभाळला गेला, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका माणसाच्या उमेदीवर उभे राहिलेले काम त्याच्यामागे त्याच गावात टिकवायचे असेल, तर ते वाटून घेणारे सभासद लागतात, आणि तुझ्या संस्थेचे खरे कारण मला तेच वाटते.

तुझ्या संस्थेसाठी मोडीतले कागद थोडे मिळतील. पेशवे दप्तर पुण्यात आहे आणि तिथे जाण्यासाठी आधी मोडी शिकावी लागेल. तुझा खरा ठेवा गावातल्या ट्रंकांमध्ये आहे. आपल्याकडची मुले फौजेत जातात हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांतली काही लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’वर इंजिनाचे काम शिकून जहाजांवर गेली, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. १९७१ च्या युद्धात विशीत असलेला नाविक आज पंचाहत्तरीला आला आहे. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या ‘तलवार’ या नौदल तळावरून पेटलेला नाविकांचा उठाव पाहिलेला माणूस तर आता सापडणे कठीणच.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी एका स्थानिक मंडळाचा चिटणीस होतो. आम्ही दोन दिवसांचे प्रदर्शन भरवले आणि त्यासाठी कोरेगाव तालुक्यातल्या एका आजींकडून त्यांच्या यजमानांचा आल्बम आणला. यजमान जहाजाच्या इंजिनरूममध्ये होते. काळ्या जाड पानांवर चारही कोपरे अडकवून बसवलेली छायाचित्रे होती. त्यांतल्या एकात डेकवर तीन रांगांत नाविक उभे होते आणि मधल्या रांगेतल्या एका डोक्यावर शाईची बारीक फुली होती. सगळे एकाच गणवेशात, म्हणून आईला आपला मुलगा ओळखता यावा यासाठी त्यांनीच ती घरी पाठवताना मारली होती. आम्ही पावती दिली नाही, वहीत नोंद केली नाही, आल्बम कुणाच्या ताब्यात आहे हेही लिहून ठेवले नाही. प्रदर्शन आवरताना तो गेला. आजी भेटल्या की विचारायच्या, “गुर्जी, आमचं ते बुक घावलं का?” त्या वारल्या तोवर मला त्याचे उत्तर देता आले नाही.

म्हणून बोधचिन्हाच्या आधी दाखल नोंदवही घे. प्रत्येक वस्तूला क्रमांक, देणाऱ्याचे नाव, कायमची दिली की परतीच्या बोलीवर दिली, परतीची तारीख, आणि दोन्हीकडच्या सह्या. छायाचित्रामागे लिहायचेच असेल तर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. सेवेचे दाखले लॅमिनेट करून आणणारे उत्साही सभासद तुला भेटतील, त्यांना हात जोडून थांबव, कारण ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही. शक्य तिथे मूळ वस्तू घरातच राहू दे आणि तिथेच बसून तिचा चांगला फोटो घे.

नोंदणीचे काम कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सभासद लागतात आणि महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालीही नोंद करावी लागते. कार्यकारी मंडळ बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यायचा; आळसाने तो राहतो आणि पुढे संस्थेत दोन तट पडले की भांडण तिथूनच सुरू होते. आजीव सभासद फार करू नकोस. एकदा पैसे भरले की तो माणूस पुन्हा फिरकत नाही. वार्षिक वर्गणीवाल्याच्या दारी निदान वर्षातून एकदा तरी आपल्याला जावे लागते आणि त्याच भेटीत ट्रंक उघडली जाते.

समारंभ नको असे मी म्हणत नाही. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळ आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली, तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. त्या तारखेला संध्याकाळी सभासदांनी एकत्र बसून ती सर्व नावे सावकाश वाचावीत. भाषण ठेवू नये.

त्या आजींच्या मुलाकडे वडिलांची पितळी शिट्टी अजून आहे, असे ऐकतो. घराचा रस्ता सोबतच्या चिठ्ठीत काढून दिला आहे. नोंदवहीचे पहिले पान आखून झाले की तू जा, आणि शिट्टी मागू नकोस, फक्त पाहू दे म्हण. मी बरोबर येणार नाही. मला पाहिले की त्यांना आल्बम आठवतो.

तुझा,
गुरुजी