नागपुरात घडणाऱ्या जादूच्या कादंबरीत गावाकडची चेटकीण घेऊ का?

घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय, कादंबरी आजच्या नागपूरची आहे, महाल भागातल्या जुन्या वाड्यांत छुपी विद्या जाणणारे लोक राहतात आणि निषिद्ध शक्ती आपल्या मातीतली वाटावी म्हणून यवतमाळकडच्या खेड्यातली एक म्हातारी चेटकीण आणायची आहे. मी त्याच भागातला, म्हणून लिहितोय.

माझी मोठी माय, म्हणजे मोठी काकू, विंचू उतरवायची. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटताना कुणाला डसला की रात्री-बेरात्री हाक यायची आणि ती भरल्या ताटावरून उठायची. खांद्यापासून बोटांकडे राख चोळत न्यायची आणि विचारायची, "कुठवर आलं बाप्पा?" "कोपरापर्यंत." "आन् आता?" "मनगटात हाये." त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायची नाही, घेतलं तर विद्या जाते. ग्रहणात नदीच्या कमरेइतक्या पाण्यात उभी राहून मंत्र जागवायची. तो द्यायचा एकालाच, तोही मरायच्या आधी. शक्तीला नियम कसे द्यावेत हे विचारलंत ना, हे असे. अंगात ताप असला तरी तिला 'येत नाही' म्हणायची सोय नव्हती.

मी आठवीत होतो. पोळ्याच्या दोन दिवस आधी शेजाऱ्याचा बैल मेला. पावसानं ताण दिलेला, बैल कोवळ्या ज्वारीत घुसला आणि तासाभरात गेला. अशा ज्वारीत विष धरतं, कोणताही जनावरांचा डॉक्टर सांगेल. पण गुरांच्या कोठ्यात टाचण्या टोचलेलं लिंबू सापडलं आणि पारावर बैठक बसली. मोठी माय विधवा, मूलबाळ नाही, तीन एकर वावर तिच्या नावावर. त्या वावरावर डोळा कुणाचा होता हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दारोदारचे पळसाचे मेढे, म्हणजे पोळ्याला दारात ठेवलेल्या फांद्या, उचलून पोरं शिवेबाहेर निघाली. "रोगराई घेऊन जा गे मारबत!" तिच्या दाराशी आल्यावर रोगराईच्या जागी त्यांनी तिचं नाव घेतलं. माझ्याच वर्गातली पोरं. ती चुलीपाशी बसलेली, हातात फुंकणी, पण फुंकत नव्हती. ओसरीवर माझे बाबा उभे होते. सख्खी वहिनी त्यांची. एक शब्द बोलले नाहीत.

बाबा अजून म्हणतात, मी गप्प राहिलो म्हणून निभावलं. नाही निभावलं. त्या पोळ्यानंतर तिला कुणी हळदीकुंकवालाच काय, बारशालाही बोलावलं नाही. तुमच्या कादंबरीत असा एक माणूस ठेवा, ज्याच्याकडे कसलीच विद्या नाही, फक्त चार लोकांसमोर एक वाक्य बोलायची ताकद आहे, आणि तो बोलत नाही. शेवटी त्याला माफी देऊ नका.

नागपूरच हवं तर मारबत घ्या. काळी १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. सगळ्या शहराची ईडापीडा बाईच्या पुतळ्यावर घालून तो मिरवतात आणि जाळतात. त्या गर्दीत खरी विद्या असलेली एखादी बाई उभी असेल तर तिला काय वाटत असेल, तिथून सुरू करा. वाड्यांचं मला फारसं कळत नाही, ते तुम्ही बघा.

एक राहिलं. करणी करते म्हणून कुणाला बदनाम करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, ६ महिने ते ७ वर्षं कैद. आमच्या वेळी तो नव्हता.

आणि विंचू चावला तर थेट दवाखाना गाठा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या गोळीनं लाल विंचवाच्या दंशातून माणसं वाचवून दाखवली आहेत. मोठी मायसुद्धा लहान लेकरू असलं की राखेला हात लावायची नाही. आधी म्हणायची, "बंडी जुंप रे."