2014 ची बीएमडब्ल्यू 520डी मडगावात वापरायला घ्यावी का? वर्षाला खर्च किती येतो?

तुम्ही लिहिलंय: गाडी पुण्याची, एमएच-12 पासिंग, 92 हजार किलोमीटर, मालक 11 लाख मागतोय, आणि मडगावात घराबाहेर झाडाखाली उभी राहणार. माझं मत असं की गाडी चांगली आहे, पण तुमच्याकडे 14 लाख असतील तरच 11 लाखांची ही गाडी घ्या. वरचे तीन लाख पहिल्या दोन वर्षांत लागतील असं धरूनच चाला.

सगळ्यात आधी टायमिंग चेन, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची हालचाल जुळवून ठेवणारी साखळी. 184 अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे बीएमडब्ल्यूचं एन47 हे डिझेल इंजिन. यात चेन इंजिनाच्या पुढच्या बाजूला नसते, मागे गिअरबॉक्सच्या अंगाला असते. त्यामुळे चेन, तिला वाट देणारे गाइड आणि ताण धरणारा टेन्शनर बदलायचे तर गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. पार्टपेक्षा मजुरीच जड जाते. बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये सव्वा ते पावणेदोन लाख धरा. चेन तुटली तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग इंजिनच बदलायची वेळ येते. सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांत हा त्रास जास्त होता. 2014 च्या गाडीत तो कमी दिसतो, पण ज्यांनी स्क्रीनवरच्या सूचनेवर विसंबून 20-25 हजार किलोमीटर एकाच तेलावर गाडी चालवली, त्यांच्या गाड्यांत अजून दिसतो. म्हणून सर्व्हिसची बिलं मागा आणि दोन तेलबदलांमधलं अंतर मोजा.

तपासायचं सकाळी. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून बघा. कोमट लागला तर त्या दिवशी तपासणी करण्यात अर्थ नाही. थंड इंजिन सुरू करून दुसऱ्याला हळूहळू 1500 ते 2000 आरपीएमपर्यंत रेस द्यायला सांगा आणि तुम्ही काचेच्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या टोकाशी कान द्या. इंजेक्टरची टकटक वरून आणि एकसारखी येते, ती डिझेलला असायचीच. चेनचा आवाज खालून, मागून येतो. सायकलची सैल साखळी चेनकव्हरला घासावी तसा खरखरीत, आरपीएमबरोबर चढणारा. तो ऐकू आला तर किंमत दीड लाखाने उतरवा, नाहीतर सोडून द्या.

पुढच्या बाजूला क्रँकची डॅम्पर पुली (कंप शोषणारी, पट्टा फिरवणारी चकती) बघा. आतलं रबर तडकलेलं असेल तर ती लवकरच बदलावी लागेल. ती फाटली की पट्टा निघतो, आणि त्याचे तुकडे पुढच्या ऑइल सीलमध्ये शिरले की काम भलतंच वाढतं.

कूलंट कमी होतंय आणि गळती कुठेच दिसत नाही, असं असेल तर ईजीआर कूलरवर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) संशय घ्या. आत कूलंट गळून काजळीत मिसळतं आणि पेट घेण्याचा धोका असतो. याच कारणासाठी कंपनीने 2018 मध्ये जगभरातून लाखो डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. चेसिस नंबर देऊन या गाडीचं काही काम बाकी आहे का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून विचारून घ्या. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचा प्रवाह सांभाळणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकणं हाही नेहमीचा आजार. चांगलं तापलेलं इंजिन स्कॅनरवर (गाडीला जोडून आतले आकडे वाचणारं यंत्र) 88-90 अंशांच्या आसपास दिसायला हवं. ते 75 वरच रेंगाळत असेल तर अ‍ॅव्हरेज पडतं.

गिअरबॉक्स झेडएफचा आठ गिअरचा. अतिशय टिकाऊ, फक्त "यात तेल आयुष्यभराचं असतं" हे ऐकून घेऊ नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफच 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटर किंवा 8 वर्षांनी तेल बदलायला सांगते. म्हणजे या गाडीचं काम आजच थकलेलं आहे. खालचा पॅन प्लास्टिकचा, फिल्टर त्यातच बसवलेला, त्यामुळे पॅनसकट बदलावा लागतो. साधारण साडेपाच-सहा लिटर तेल निघतं. पातळी इंजिन चालू ठेवून, तेल 30 ते 50 अंशांवर असताना बघायची असते. हे न करणाऱ्या मेकॅनिककडे काम देऊ नका. खर्च 35 ते 50 हजार.

आता गोव्याचा भाग, ज्याकडे पुण्याचा मालक लक्ष देणार नाही. सनरूफ असेल तर त्याच्या चार कोपऱ्यांतून पाणी बाहेर काढणाऱ्या बारीक नळ्या असतात. झाडाखाली गाडी उभी केली की फुलोरा, पानांचा चुरा आणि लाल माती मिळून त्या नळ्या तुंबतात. जून-जुलैच्या पावसात पाणी छताच्या अस्तरातून पायाखालच्या गालिच्यात उतरतं. डिकीचे सील म्हातारे झाले की तिथेही. बॅटरी आणि काही कंट्रोल मॉड्यूल (गाडीतले छोटे संगणक) डिकीतच असल्यामुळे तिथला ओलावा महागात पडतो. गाडी बघताना गालिच्याचा फोम बोटांनी दाबा, डिकीचा तळ उचलून वास घ्या. कुबट वास आला तर त्या गाडीकडे परत फिरकू नका. पुढे दर मे महिन्यात नळ्यांमध्ये हळूच पाणी सोडून ते चाकाजवळ खाली पडतंय का बघा. जोराची हवा मारू नका, नळी आतल्या आत निखळते.

दरवाजे, बॉनेट आणि पुढचे फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. पुटी ओळखायला आपल्याकडे लोहचुंबक लावतात, ती युक्ती इथे फसते, कारण तिथे चुंबक मुळात चिकटतच नाही. रंगाची जाडी मोजणारं यंत्र असलेल्याकडूनच बॉडी तपासा. किनाऱ्याजवळ रंगाचा टवका उडाला की कडेने फोड येतात, तेव्हा लगेच टचअप करा. एसीचा कंडेन्सरही खाऱ्या हवेने कुजतो. महिन्यातून दोनदा साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे दर दोन वर्षांनी बदलायचंच.

ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरत असेल तर डिस्कबरोबर पुढच्या आर्मचे (चाक धरणारे दांडे) रबरी बुशही तपासा. तेल भरलेले बुश फुटून ओले दिसतात. दोन्ही बाजूंचे आर्म मिळून 40 ते 70 हजार. या सेडानला साध्या स्प्रिंगा आहेत, हवेचं सस्पेन्शन नाही. याच पैशात मर्सिडीजची जुनी एस-क्लास मिळेल असं कोणी सांगितलं तर हा फरक लक्षात ठेवा. तिथे हवेचे फुगे आणि कॉम्प्रेसर यांच्यावरच लाखाच्या वर जातो.

मोठा बिघाड नसेल तर वर्षाला 10-12 हजार किलोमीटरसाठी, डिझेल आणि विमा सोडून, सव्वा ते दीड लाख बाजूला ठेवा. इंजिनाचं तेल दर 8 ते 10 हजार किलोमीटरवर, बीएमडब्ल्यूच्या लाँगलाइफ-04 मान्यतेचं, फिल्टरसह 5.2 लिटर. एजीएम बॅटरी (काचतंतूंत आम्ल शोषून ठेवणारी) 25-30 हजार, आणि ती बसवल्यावर स्कॅनरने गाडीला नोंदवून द्यावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करते आणि नवी लवकर जाते. रनफ्लॅट टायर हवा गेल्यावरही ताशी 80 च्या वेगाने 80 किलोमीटर जातो, पण एकेकाला 20 हजारांच्या पुढे मोजावे लागतात.

स्कॅनर लावालच तेव्हा वेगवेगळ्या मॉड्यूलमधले किलोमीटर मीटरशी ताडून बघा. मीटर मागे फिरवणारे बहुतेकदा बाकीच्या जागा विसरतात.

कागदांसाठी पुण्याच्या आरटीओकडून फॉर्म 28 ची एनओसी (ना हरकत दाखला), नाव बदलायला 29 आणि 30. बाहेरच्या राज्याची गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर गोव्याचा जीए नंबर घ्यावाच लागतो आणि गोव्याचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. पुण्यात भरलेल्या टॅक्सचा परतावा तिथूनच मागायचा असतो, तो अर्ज मालकाच्या सह्या घेतानाच तयार करून घ्या, नंतर माणूस सापडत नाही. 2029 मध्ये 15 वर्षं भरतील, तेव्हा फिटनेस तपासणी आणि फेरनोंदणीचा खर्च येईल, हेही किंमत ठरवताना मालकासमोर मांडा. मडगावच्या आरटीओत टॅक्सचा आकडा विचारूनच पुण्याला निघा.