टेस्लाची फॅक्टरी आठवड्याला किती गाड्या काढते हे बाहेरून कसं कळतं?

कंपनी आकडा देते तीन महिन्यांनी एकदा, त्याला 13 ने भागलं की आठवड्याची सरासरी मिळते, पण तेवढ्यावर थांबू नका. 2018 मधली टेस्लाची मॉडेल 3 ही गाडी घ्या: दुसऱ्या तिमाहीत 28,578 गाड्या, म्हणजे आठवड्याला साधारण 2,200, पण त्याच तिमाहीच्या शेवटच्या सात दिवसांत 5,031 निघाल्या. दोन्ही आकडे बरोबरच आहेत. पुढच्या तिमाहीत 53,239, म्हणजे आठवड्याला 4,100 च्या आसपास, तेव्हा 5,000 चा स्पीड काही लगेच टिकला नाही.

मधल्या काळासाठी व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख नंबर, बघायचा. 17 अक्षर-आकड्यांचा हा नंबर विंडशील्डच्या खालच्या कोपऱ्यात दिसतो आणि शेवटचे सहा आकडे सिरियल नंबर असतात. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने तेव्हा उत्पादनाचा अंदाज सांगणारा ट्रॅकर केला होता तो यावरच, अमेरिकन सरकारकडे नोंदवलेले नंबर आणि मालकांनी कळवलेले नंबर दोन्ही धरून. पण कंपनी नंबर आधीच गठ्ठ्याने नोंदवून ठेवते, नोंद झाली म्हणजे गाडी बनली असं अजिबात नाही, म्हणून माझ्या मते लोकांच्या हातात पडलेल्या गाड्यांचे नंबर जास्त भरवशाचे, तेही दोन-तीन आठवड्यांत सिरियल नंबर किती पुढे गेला तो फरक काढून, कारण एकेका दिवसाचे आकडे फार वरखाली होतात.

आणि आलेलं उत्तर मिनिटांत करून बघाच. आठवड्यात 10,080 मिनिटं, 5,000 गाड्या म्हणजे रात्रंदिवस लाईन चालू ठेवली तरी दर दोन मिनिटांना एक गाडी, आणि शिफ्ट बदल, ब्रेकडाऊन धरले तर त्याहून फास्ट.